पांढरी किनार: गणपतीच्या मूर्तींचे कटआउट रंगीत पानावर बसवताना

लालबाग-परळ भागातल्या एका गणपती कारखान्याच्या बुकिंगच्या वेबसाइटसाठी ६४ मूर्तींचे फोटो कापून बसवायचे होते. घरगुती शाडूच्या मूर्तींचं पान गडद जांभळं, मंडळांच्या मोठ्या मूर्तींचं शेंदरी आणि दरांचं पान फिकट अबोली. चौकट नको, पांढरा डबा नको. मूर्ती थेट रंगावर बसलेली हवी, एवढीच मागणी होती.

पहिल्या खेपेला फोटो चढवले आणि जांभळ्या पानावर प्रत्येक मूर्तीभोवती पांढरट रेघ उमटली. शेंदरी पानावर ती कमी जाणवत होती, अबोलीवर जवळजवळ नव्हतीच. मूर्तिकार काकांनी मोबाइल हातात घेऊन बघितलं आणि म्हणाले, “सोंडेला कडेनं चुना लागल्यासारखा दिसतोय हो.” या दोषाचं याहून नेमकं वर्णन आम्ही अजून ऐकलेलं नाही.

अशा वेळी बहुतेक जण मास्क, म्हणजे चित्राचा कुठला भाग दिसेल आणि कुठला लपेल हे ठरवणारं आवरण, एक-दोन पिक्सेल आत ओढतात. आम्हीही १५ मूर्तींवर तेच करून पाहिलं. रेघ फिकी झाली, गेली नाही. वर नुकसान झालं ते वेगळंच. शाडूच्या ९ इंची मूर्तीचं जानवं १२०० पिक्सेल उंचीच्या फोटोत जेमतेम दोन पिक्सेल रुंद असतं. खांद्याच्या कडेवरून ते बाहेर येतं तिथे ते तुटलं. मोदक धरलेल्या हाताची बोटं बारीक झाली आणि परशूचं पातं बोथट दिसू लागलं. मूर्तिकाराने आखणी करताना केसाएवढ्या रेघेसाठी श्वास रोखलेला असतो, आणि ती रेघ आपण एका स्लायडरने खाऊन टाकतो. म्हणून कड छाटायचं थांबवलं आणि एकच पिक्सेल उघडून बघितला.

तो पिक्सेल लाल पितांबराच्या कडेवरचा होता. पितांबराचा आतला रंग लाल १७०, हिरवा ३०, निळा ४० (प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला). मागचा थर्माकोल पांढरा, म्हणजे तिन्ही आकडे २५५ धरू. कडेवरच्या पिक्सेलचा अर्धा भाग पितांबराने व्यापलेला, अर्धा थर्माकोलने. कॅमेऱ्याने दोघांची सरासरी टिपली: २१३, १४३, १४८, म्हणजे फिकट गुलाबी. कापताना मास्कने या पिक्सेलची अपारदर्शकता बरोबर ५० टक्के ठेवली, पण त्याचा रंग तोच गुलाबी राहिला. पानाचा जांभळा होता ६०, २०, ८०. ब्राउझरने गुलाबी आणि जांभळा अर्धा-अर्धा मिसळला आणि पडद्यावर आलं १३७, ८२, ११४.

यातला हिरवा आकडा बघा. पितांबरात हिरवा ३०, पानात हिरवा २०. दोघांच्या मधल्या पिक्सेलमध्ये तो २० ते ३० यांच्यातच असायला हवा. ८२ आला तो थर्माकोलमधून. मास्क चुकलेला नव्हता. आकार बरोबर, अपारदर्शकता बरोबर, फक्त रंगात जुनी पार्श्वभूमी शिल्लक. रंग १७०, ३०, ४० असा शुद्ध असता तर पडद्यावर ११५, २५, ६० आलं असतं आणि कड जांभळ्यात नीट विरघळली असती. हे उमगल्यावर आमचं पुढचं सगळं काम एकाच दिशेने गेलं: कड जिथे आहे तिथेच राहू द्यायची, तिच्या आतला परका रंग काढायचा.

काढायचं गणित साधं आहे. टिपलेला रंग म्हणजे वस्तूचा रंग गुणिले अपारदर्शकता, अधिक पार्श्वभूमीचा रंग गुणिले उरलेला भाग. पार्श्वभूमी ठाऊक असेल तर तिचा वाटा वजा करायचा आणि जे उरेल त्याला अपारदर्शकतेने भागायचं. आपल्या पिक्सेलमध्ये २१३ मधून १२७.५ वजा केले, ०.५ ने भागले की १७१ येतात. हिरवा ३१, निळा ४१. पूर्णांकात टाकताना एकेकाचा फरक पडला, तो डोळ्याला दिसत नाही.

फोटोशॉपमध्ये हेच काम लेयर मेनूतल्या मॅटिंगखाली ‘रिमूव्ह व्हाइट मॅट’ करतं. आधी लेयरची, म्हणजे चित्राच्या थराची, प्रत काढायची, प्रतीवर मास्क अप्लाय करायचा आणि मग आज्ञा द्यायची. मूळ लेयर मास्कसकट तसाच ठेवायचा. ही आज्ञा पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, म्हणजे २५५ धरून चालते. कारखान्यातला थर्माकोल तसा नसतो. आम्ही मोजला तेव्हा वरच्या बाजूला तो २४१ होता, पाटाजवळ २२०च्या घरात आणि मध्ये कुठेतरी २३६. जिथे पार्श्वभूमी २३६ आहे तिथे २५५ धरून वजाबाकी केली तर गरजेपेक्षा जास्त वजा होतं. अर्ध्या अपारदर्शकतेच्या पिक्सेलमध्ये पितांबर १७०, ३०, ४० ऐवजी १५१, ११, २१ येतो. पाव अपारदर्शकतेवर हिरवा उणे २७ येतो आणि शून्यावर कापला जातो. मग पांढऱ्या रेघेच्या जागी काळपट रेघ येते. ती जांभळ्या पानावर लपते, पण अबोली पानावर कोळशाने गिरवल्यासारखी उठून दिसते. रेघ गेली म्हणून खूश होण्याआधी फिकट पान उघडून बघायचं ते यासाठी.

म्हणून आम्ही वजाबाकी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत केली. पिलो आणि नमपाय या लायब्ररी वापरून वीसेक ओळींचं काम आहे. मूर्तीभोवतीच्या रिकाम्या थर्माकोलचा रंग वर, मध्ये आणि खाली असा घ्यायचा, त्यांच्या मधल्या उंचीवर तो हळूहळू बदलत न्यायचा, आणि प्रत्येक ओळीला तिची स्वतःची पार्श्वभूमी वजा करायची. गणित फक्त १० ते ९५ टक्के अपारदर्शकतेच्या पिक्सेलवर लावलं. ९५च्या वर दुरुस्ती इतकी किरकोळ असते की हात लावायची गरज नाही. १०च्या खाली लावलं की गडबड होते, कारण भागाकार. अपारदर्शकता ४ टक्के असेल तर फोटोतली ३ आकड्यांची चूक २५ पट होऊन ७५ होते. जेपेगमध्ये ३ आकड्यांची चूक कुठेही असते. कडेवर निळे-हिरवे ठिपके उमटतात, ते इथून येतात.

१० टक्क्यांखालच्या पिक्सेलना गणिताऐवजी शेजारचा आतला रंग द्यायचा. फोटोशॉपमध्ये करायचं तर कटआउटच्या वर नवा रिकामा लेयर घेऊन तो खालच्या लेयरला क्लिप करायचा. मग क्लोन स्टॅम्पने किंवा चार-पाच पिक्सेलच्या मऊ ब्रशने, आतून सात-आठ पिक्सेलवरचा रंग उचलून कडेवर ओढायचा. क्लिप केल्यामुळे ब्रश मूर्तीबाहेर सांडत नाही आणि अपारदर्शकता तशीच राहते, बदलतो तो फक्त रंग. पितांबर, शेला, उपरणं यांसारख्या सलग रंगाच्या जागी हे काम भराभर होतं. घाई असेल तेव्हा त्याच मेनूतलं ‘डीफ्रिंज’ एक पिक्सेल रुंदीने चालतं. तेही कडेच्या पिक्सेलना आतल्या पिक्सेलचा रंग देतं. दोन पिक्सेलच्या पुढे मात्र गेलं की मुकुटावरच्या खड्यांचे रंग एकमेकांत ओघळतात.

एक रस्ता टाळा म्हणून मुद्दाम सांगतो. गिंप या मोफत फोटो-एडिटरमधलं ‘कलर टू अल्फा’ पूर्ण फोटोवर पांढरा रंग देऊन चालवलं की कडा अगदी सुरेख निघतात, पहिल्या नजरेला जादूच वाटते. पण ते चित्रातला प्रत्येक पांढरा अंश पारदर्शक करतं. बाप्पाच्या डोळ्यांतला पांढरा भाग, दात, जानवं, मोदक, सगळ्यांतून पान दिसू लागतं. जांभळ्या पानावर डोळे जांभळे. हे वापरायचंच असेल तर आधी मूर्तीच्या कडेवर तीन-चार पिक्सेलचा पट्टा निवडायचा आणि फक्त त्या पट्ट्यावर चालवायचं.

आता फोटो काढण्याकडे वळतो, कारण पुढचा अर्धा त्रास तिथेच ठरतो. ६४ पैकी १९ मूर्ती आम्हाला परत काढाव्या लागल्या, आणि त्याची दोन कारणं होती.

पहिलं कारण निळी ताडपत्री. पावसाळ्यात कारखान्याच्या मांडवावर निळी ताडपत्री असते आणि तिच्यातून येणारा उजेड सगळ्यावर निळसर थर चढवतो. मधल्या भागात व्हाइट बॅलन्सने तो निघतो. कडांवर निघत नाही, कारण मुकुटाचा सोनेरी रंग वळत जातो तिथे, अगदी कडेला, चकाकणारा पृष्ठभाग ताडपत्रीचं थेट प्रतिबिंब दाखवतो. वजाबाकीचं गणित इथे निरुपयोगी आहे. हा निळा रंग मागच्या पार्श्वभूमीतून मिसळलेला नाही, मूर्तीवरच पडलेला आहे, आणि पूर्ण अपारदर्शक पिक्सेलमध्येही तो तसाच असतो. क्लिप केलेल्या लेयरचा ब्लेंड मोड ‘कलर’ करून सोनेरी रंग फिरवला तर निभावतं, पण दर मूर्तीला पाऊण तास जातो. परत काढताना ताडपत्रीखाली पांढरं सुती कापड आडवं ताणलं, दोन एलईडी लाइट त्या कापडावर मारले आणि प्रश्न मिटला.

दुसरं कारण शार्पनिंग. काही फोटो आधी मोबाइलवर काढलेले होते. मोबाइल फोटो सेव्ह करतानाच कडा धारदार करतो, म्हणजे गडद बाजू कडेलगत आणखी गडद करतो आणि उजळ बाजू आणखी उजळ. मूर्तीच्या कडेच्या आत अशी खोटी रेघ तयार झाली की ती मूर्तीचाच भाग होऊन बसते. मास्कने ती निघत नाही, वजाबाकीने निघत नाही. उपाय एकच, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली) घ्यायची, उघडताना शार्पनिंग शून्य ठेवायचं आणि शेवटच्या मापाला आणल्यावर, कड वगळून, हवं तेवढं द्यायचं.

परत काढताना थर्माकोलही बदलला. राखाडी चार्ट पेपर लावला, मध्यम छटेचा. पांढऱ्या पार्श्वभूमीचा उजेड मूर्तीच्या कडांवर परतून येतो आणि त्या धुरकट करतो; राखाडीचा फार कमी येतो. शिवाय कडेत थोडा राखाडी राहून गेलाच तर तो जांभळ्यावरही फार खटकत नाही आणि अबोलीवरही नाही. कागद मूर्तीपासून दीड मीटर मागे हवा. गाळ्यात तेवढी जागा नव्हती, एक मीटरवर भागवलं. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, छिद्र एफ ११. उघड्या छिद्रावर मागची प्रभावळ धूसर होते, आणि धूसर कड म्हणजे अर्ध्या अपारदर्शकतेचा पट्टा दोन पिक्सेलऐवजी दहा-बारा पिक्सेल रुंद. तेवढ्या पट्ट्यातला परका रंग काढताना हात भरून येतात.

कापायचं काम मोठ्या मापावर केलं. मूर्ती ३६०० पिक्सेल उंच ठेवली आणि अगदी शेवटी १२०० वर आणली. मोठ्या मापावर तीन पिक्सेलची चूक शेवटी एका पिक्सेलची राहते. पाट, हात, पाय, सोंड यांना पेन टूलने पाथ मारला, ३०० टक्के झूमवर, कडेच्या अर्धा पिक्सेल आतून, आणि सिलेक्शन करताना ०.५ पिक्सेल फेदर (कडेचा मऊपणा). फेदर शून्य ठेवलं तर दाते दिसतात, दोन ठेवलं तर मूर्ती कापसात गुंडाळल्यासारखी वाटते.

प्रभावळीला पाथ मारणं शक्य नव्हतं. तिच्या जाळीत एकेका मूर्तीला चाळीस-पन्नास भोकं असतात, आणि ऑनलाइन बॅकग्राउंड काढून देणाऱ्या एका सेवेने त्यातली निम्मी भरीव धरून टाकली होती. बाहेरची कड सुरेख, पण जाळीतून थर्माकोल तसाच. भोकांसाठी चॅनल, म्हणजे लाल, हिरवा, निळा यांतल्या एकाच रंगाचं चित्र, वापरला. सोनेरी रंगात निळा सगळ्यात कमी असतो, म्हणून राखाडी किंवा पांढऱ्या कागदासमोर निळ्या चॅनलमध्ये सोनं जवळजवळ काळं आणि कागद उजळ दिसतो. त्या चॅनलची प्रत काढायची, लेव्हल्सने काळं आणि पांढरं अशी दोन्ही टोकं थोडी ओढायची आणि तोच मास्क प्रभावळीपुरता वापरायचा. थोडी म्हणजे खरंच थोडी. टोकं पूर्ण ओढली की मधल्या छटा नाहीशा होतात आणि भोकांच्या कडा करवतीसारख्या होतात.

मूर्तीखालच्या सावलीने आम्हाला दोन दिवस अडकवलं. सावली नसेल तर मूर्ती हवेत तरंगते, म्हणून फोटोतली खरी सावली ठेवायची होती. फोटोशॉपच्या फाइलमध्ये सावलीचा लेयर मल्टिप्लाय मोडवर (खालचा रंग गडद करत मिसळणारी पद्धत) होता आणि जांभळ्या लेयरवर छान दिसत होता. त्यातून पीएनजी (पारदर्शकता साठवणारी चित्राची फाइल) काढली तर पाटाखाली राखाडी धुकं. कारण पीएनजीत मल्टिप्लायसारखं काही साठवता येत नाही. प्रत्येक पिक्सेलला एक रंग आणि एक अपारदर्शकता, एवढंच तिथे मावतं. सावली २०४ या फिकट राखाडी रंगाने साठवली गेली आणि जांभळ्याहून उजळ ठरली. सावलीला स्वतःचा रंग नसावा. ती शुद्ध काळी ठेवायची आणि किती गडद ते अपारदर्शकतेतून सांगायचं. पांढऱ्या कागदावर २०४ दिसणारी सावली म्हणजे ८० टक्के उजेड शिल्लक, म्हणजे २० टक्के अपारदर्शक काळा. तो जांभळ्या ६०, २०, ८० वर ठेवला की ४८, १६, ६४ होतो, खरोखरचा गडद जांभळा. करायला सोपं आहे: सावलीच्या भागाची ग्रेस्केल प्रत काढा, उलटी करा, ती मास्क म्हणून काळ्या सलग लेयरला लावा, मोड नॉर्मल.

सीएसएसची (वेबपानाची सजावट ठरवणारी भाषा) ड्रॉप-शॅडो फिल्टरही चालते. ती बॉक्स-शॅडोसारखी चौकोनी पडत नाही, आकाराबरहुकूम पडते. पण एका पानावर वीस मूर्ती असल्या की साध्या फोनवर स्क्रोल अडखळतं, आणि सावली पाटाखाली न पडता मूर्तीच्या मागे भिंतीवर पडल्यासारखी दिसते.

कडा स्वच्छ झाल्या, सावली बसली, माप १२०० वर आणलं आणि पांढरी रेघ परत हजर! या वेळी ती सगळ्या मूर्तींना नव्हती. आमच्याच एका जुन्या स्क्रिप्टमधून लहान केलेल्या मूर्तींना होती. ती स्क्रिप्ट ओपनसीव्ही ही चित्रांवर काम करणारी लायब्ररी वापरत होती. कारण असं की पूर्ण पारदर्शक पिक्सेललाही रंग असतो, फक्त दिसत नाही. आमच्या फाइलमध्ये मूर्तीबाहेरच्या अदृश्य पिक्सेलचा रंग पांढरा होता. लहान करताना ओपनसीव्ही चारही चॅनलची (तीन रंग आणि अपारदर्शकता) सरासरी स्वतंत्रपणे काढतं. एक लाल पिक्सेल १७०, ३०, ४० पूर्ण अपारदर्शक, शेजारी २५५, २५५, २५५ पूर्ण पारदर्शक, दोघांची सरासरी २१३, १४३, १४८, अपारदर्शकता निम्मी. म्हणजे सुरुवातीला कॅमेऱ्याने दिलेला तोच गुलाबी आकडा, जसाच्या तसा. अदृश्य रंग काळा असता तर ८५, १५, २० आलं असतं आणि रेघ काळी दिसली असती.

बरोबर पद्धत अशी: आधी प्रत्येक रंग अपारदर्शकतेने गुणायचा, मग सरासरी काढायची, मग परत भागायचं. पारदर्शक पिक्सेलचा रंग शून्याने गुणला जातो आणि सरासरीत त्याचा वाटाच उरत नाही. आधीच गुणून ठेवलेल्या अल्फाची (अल्फा म्हणजे अपारदर्शकतेचा आकडा) ही मांडणी थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये केली. पीएनजी मात्र मुद्दाम न गुणलेला रंग साठवते, म्हणून गुणण्याची जबाबदारी माप बदलणाऱ्या साधनावर पडते. पिलोचं रिसाइझ हे आपणहून करतं. ओपनसीव्हीत हाताने करावं लागतं. कुठलंही नवं साधन घेतलं की लाल वर्तुळाची एक फाइल त्यातून काढून बघायची, बाहेरचे अदृश्य पिक्सेल पांढरे ठेवून. पाच मिनिटांत उत्तर मिळतं. अदृश्य रंग पाहायचे असतील तर इमेजमॅजिकमध्ये अल्फा बंद करून फाइल दुसऱ्या नावाने काढायची. लपलेलं सगळं समोर येतं.

फॉरमॅटबद्दल थोडक्यात. पूर्ण अल्फाची पीएनजी (फोटोशॉप तिला पीएनजी-२४ म्हणतं, खरं तर चार चॅनल मिळून ३२ बिट) दर मूर्तीला एक ते दीड एमबी होत होती. मूळ प्रत म्हणून तीच ठेवली. वेबसाइटवर वेबपी चढवली, क्वालिटी ८२. लॉसी (थोडी माहिती टाकून लहान केलेली) वेबपी रंगाची माहिती निम्म्या बारकाईने साठवते, दोन बाय दोन पिक्सेलना मिळून एकच छटा. त्यामुळे कडेच्या पिक्सेलची छटा शेजारच्या अदृश्य पिक्सेलच्या रंगातून बिघडू शकते. म्हणून फाइल देण्याआधी मूर्तीचा रंग कडेबाहेर आठेक पिक्सेल पसरवला, अदृश्यच, आणि एन्कोडरला ‘एक्झॅक्ट’ आणि ‘शार्प वाययूव्ही’ हे पर्याय दिले. एक्झॅक्ट दिलं नाही तर एन्कोडर फाइल लहान करण्यासाठी अदृश्य रंग स्वतःच्या मर्जीने बदलतो. अल्फाची क्वालिटी १०० वरून खाली आणू नका. तिथे वाचणारे दोन-चार केबी कडांवर लगेच दिसतात.

कारखान्याचा लोगो जुन्या जिफमध्ये होता. जिफमध्ये पारदर्शकता १९८९ च्या आवृत्तीत आली, पण ती आहे किंवा नाही एवढीच. अर्धवट काही नसतं. म्हणून कडेचे पिक्सेल एखाद्या ठरावीक रंगात आधीच मिसळून ठेवावे लागत. हा लोगो पांढऱ्यात मिसळलेला होता. इंटरनेट एक्सप्लोरर ६ ला पीएनजीचा अल्फा जमत नव्हता, २००६ मध्ये सातव्या आवृत्तीत तो आला, तोवर सगळे असंच करत आणि अनेकांच्या हाताला ती सवय अजून आहे. सेव्ह फॉर वेबच्या खिडकीत ‘मॅट’ समोर पांढरा रंग निवडलेला दिसला तर तो ‘नन’ करा. लोगो आम्ही एसव्हीजीत नव्याने आखून घेतला. तिथे कड ब्राउझर स्वतः त्या-त्या पानाच्या रंगावर काढतो, किनारीचा प्रश्नच येत नाही.

दोन आडवाटा करून पाहिल्या, दोन्ही सोडल्या. पानाचाच जांभळा मागे भरून साधी जेपेग करायची, ही पहिली. जेपेगच्या दाबाने जांभळा एक-दोन आकड्यांनी हलतो, कलर प्रोफाइल वेगळं असलं तर आणखी हलतो, आणि मूर्तीमागे पुसट चौकोन दिसतो. दुसरी म्हणजे पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो तसाच ठेवून सीएसएसमध्ये मिक्स-ब्लेंड-मोड मल्टिप्लाय लावायचा. अबोलीवर ते खपून गेलं. जांभळ्यावर बाप्पा अंधारात गेले.

तपासणीसाठी साधं एचटीएमएल पान केलं. सहा पट्टे: पांढरा, काळा, मधला राखाडी, आणि वेबसाइटचे तिन्ही रंग. प्रत्येक मूर्ती सहाही पट्ट्यांवर, खऱ्या मापात. ८०० टक्के झूम करून कडा बघू नका; तिथे नसलेले दोष दिसतात आणि असलेले लपतात. ४०० सीएसएस पिक्सेल उंच चित्र तीनपट घनतेच्या फोनवर बरोबर १२०० पिक्सेल घेतं, म्हणून एक तपासणी तशा फोनवर, आणि एक साध्या मॉनिटरवर, जिथे ब्राउझर चित्र तिप्पट लहान करतो. फोनचा ब्राइटनेस पूर्ण ठेवून, उघड्या गॅलरीत उभं राहून बघितलं तेव्हा काळ्या पट्ट्यावर सात मूर्तींच्या मुकुटाला उरलेली रेघ सापडली. ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली ती कुणालाच दिसली नव्हती.

बुकिंग सुरू व्हायच्या चार दिवस आधी कारखान्याने जांभळा बदलून गर्द हिरवा मागितला. स्टाइलशीटमध्ये एक ओळ बदलली. चित्रांना हात लावला नाही, सावल्याही आपोआप हिरव्या झाल्या. फक्त एक मूर्ती परत घ्यावी लागली, मुकुटात खरं मोरपीस खोचलेली. पिसाचे तंतू एका पिक्सेलहून बारीक असतात, त्यांच्यात पूर्ण अपारदर्शक असा पिक्सेलच नसतो, त्यामुळे शुद्ध रंग आतून उचलायला जागाच मिळत नाही. जांभळ्यावर ते निभावलं होतं, हिरव्यावर पीस पानात बुडून गेलं आणि उरलेला राखाडी तेवढा दिसू लागला. काकांनी ते पीस काढून दिलं. आम्ही ते काळ्या कागदासमोर वेगळं काढलं, स्वतंत्र मास्क केला आणि मुकुटाच्या लेयरमागे परत खोचलं.